दाखवलेली पोर

आमच्या खोऱ्यात जानेवारी लागला की माणसं एकमेकांना विचारतात, "यंदा पोर कोण दाखवणार?" बाहेरच्याला वाटावं, कसलं तरी प्रदर्शन भरणार आहे. तसं काही नाही. टॅक्सच्या रिटर्नमध्ये घरातलं मूल दाखवलं की सरकार रिफंडमध्ये घसघशीत भर घालतं. पण दाखवणाऱ्याला पगार हवा. पगार नसलेल्या आजीनं नातवंड दाखवलं तर तिच्या हाती काही लागत नाही. मग आजी आपलं नातवंड कामावर जाणाऱ्या लेकाला दाखवायला देते, आणि रिफंड आला की लेक निम्मे पैसे आणून देतो. कायदा म्हणतो की जो मूल दाखवतो त्याच्याच घरी ते राहायला हवं. कायदा म्हणेना का! अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो अशा ठिकाणी, कोण बघायला येतंय? निदान आम्हाला तसं वाटायचं.

माझी नणंद रोलांद आपली नात जोसी अशीच दाखवायला द्यायची, आपल्या लेकाला, कर्टला. जोसीची आई टॅमी ही रोलांदची मुलगी. पोर दोन वर्षांची असताना "तीन आठवड्यांत येते" म्हणून ती फ्लोरिडाला गेली. ते तीन आठवडे अजून संपायचेत. नाताळला फोन करते, तेवढं मात्र चुकवत नाही. पोरीला वाढवलं रोलांदनं. आमची घरची बोली फ्रेंच, तिच्यात आजीला मेमेर म्हणतात, मामाला मोनोंक आणि मामीला मातांत. जोसीच्या तोंडात आधी 'मेमेर' आलं आणि बाकीची भाषा सावकाश मागून आली.

रोलांदकडे होतं काय? म्हाताऱ्यांना मिळतो तो सरकारी चेक, मेलेल्या नवऱ्याची चिमूटभर पेन्शन आणि दोन निकामी गुडघे. रिफंडच्या निम्म्यातून ती हीटरच्या तेलाची टाकी भरायची. आमच्याकडे एप्रिलपर्यंत बर्फ हलत नाही, त्यामुळे ती टाकी म्हणजे चैन नव्हे. कर्ट लाकडाच्या मिलमध्ये कामाला. अंगानं दांडगा, स्वभावानं हसरा. आईला फसवावं असं त्याच्या मनात कधी आलं नसेल. फसवणारी बहुतेक माणसं अशीच असतात, हे मला उशिरा कळलं.

नववर्षाच्या जेवणाला सगळे जमलो की जोसी विचारायची, "मेमेर, यंदा मी कोणाची?"

"कागदावर मोनोंकची," रोलांद म्हणायची. "बाकी सगळी माझी."

आम्ही हसायचो. आता आठवलं की माझंच तोंड कडू होतं.

मग महामारी आली. मिल काही आठवडे बंद पडली आणि सरकारनं मदतीचे चेक सोडले. मोठ्या माणसाला इतके, पोरामागे इतके. पोरामागचे पैसे कोणाला? तर मागच्या रिटर्नमध्ये ज्यानं पोर दाखवली त्याला. म्हणजे कर्टला. पहिल्या वेळी पोरीचे पाचशे डॉलर आले, कर्टनं इमानदारीत अडीचशे आईच्या टेबलावर ठेवले. दुसऱ्या वेळी सहाशे आले, त्यातले दोनशे ठेवले आणि मिलचं गाऱ्हाणं सांगितलं. तिसऱ्या वेळी पोरीच्या नावचे चौदाशे आले. तेव्हा तो दोन महिने आईकडे फिरकलाच नाही.

पुढचं आम्हाला कळलं ते चर्चच्या तळघरात. शनिवारी तिथं बीन्सचं जेवण असतं. मी उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढल्यामुळे ढवळायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं, आणि रोलांद माझ्या शेजारी बसून पाव कापत होती. रांगेतली एक तरुण बाई मैत्रिणीला सांगत होती, "महिन्याला अडीचशे पडतायत गं. जुलैपासून. पोरामागे."

"कोणाला पडतायत?" रोलांदनं विचारलं.

"ज्यानं गेल्या साली पोर दाखवली त्याला. सरळ बँकेत. तुला नाही येत?"

रोलांदनं सुरी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मी ढवळत राहिले, कारण माझ्या तोंडात जे आलं होतं ते चर्चमध्ये बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी रोलांद प्लॉय करते, म्हणजे आमची कुट्टूच्या पिठाची धिरडी. त्यांच्या वासानं कर्ट बरोबर हजर झाला. दोन खाऊन झाल्यावर रोलांदनं विषय काढला.

"जोसीचे महिन्याचे पैसे येतात म्हणे."

"कोण म्हणालं? मातांत जर्मेन?"

"मी इथंच बसलेय," मी म्हटलं. "मामीकडे बघून बोल."

तो हसला. "अगं आई, ते पैसे आपले नाहीत. म्हणजे आहेत, पण पुढच्या फेब्रुवारीतले. यंदा सरकार रिफंडच आधी तोडून तोडून देतंय. आत्ता खाल्ले की तेव्हा नाहीत. निम्मे आत्ता, निम्मे तेव्हा."

"मग आत्ताचे खाल्ले कोणी?"

"ट्रकनं. गिअरबॉक्स बसला ना. ट्रक नसेल तर मिलला जाऊ कसा? आणि मिलला गेलो नाही तर पोर दाखवू कशावर?"

"म्हणजे फेब्रुवारीत माझं निम्मं..."

"निम्म्याचं निम्मं होईल," तो म्हणाला, आणि तिसरं धिरडं गुंडाळून तोंडात टाकलं.

"तेल भरायचं असतं रे मला त्यात."

"बघू, आई. काहीतरी करू."

काहीतरी करू म्हणणाऱ्यानं काही केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. जोसी सगळं ऐकत होती. "मोनोंक, माझे पैसे ट्रकनं खाल्ले?" तिनं विचारलं आणि खिदळली. कर्टही खिदळला. रोलांद तेवढी हसली नाही.

जानेवारीत मीच तिला गाडीत घालून वाचनालयात नेलं. तिथं सोसिए मास्तर लोकांचे रिटर्न फुकट भरून देतात. निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांनी कर्टला दोनदा नापास केला होता, म्हणून रोलांद जरा बिचकतच बसली. मास्तरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पोर राहते कुठं?"

"माझ्याकडे."

"किती वर्षं?"

"सात."

"मग तू का दाखवत नाहीस तिला?"

"मला पगार कुठाय, मास्तर?"

"यंदा पगार लागत नाही. महामारीचं वर्ष म्हणून नियम सैल केलाय. मूल ज्याच्या घरात राहतं त्यानं दाखवायचं. तुला पुरे तीन हजार मिळतील. वसंतात पोरीच्या नावे आलेले चौदाशेही तुलाच मिळायला हवे होते, तेही मागू."

"पण ते कर्टला मिळालेत."

"ते कर्ट आणि सरकार बघून घेतील. तू खरं लिहितेयस ना? मग तू कोणाचं काही चोरत नाहीयेस."

रोलांद खुर्चीत ताठ बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी टेबलापलीकडच्या माणसानं तिला विचारलं होतं की पोर कुठं राहते, आणि तिला खरं उत्तर देता आलं होतं. मास्तरांनी बटण दाबलं. थोड्या वेळानं कॉम्प्युटरनं रिटर्न परत फेकलं. ही मुलगी आधीच कोणीतरी दाखवली आहे. कर्टनं पहिल्याच दिवशी भरून टाकलं होतं. आमच्याकडे त्याची शर्यतच असते, जो आधी भरेल त्याची पोर.

"हरकत नाही," मास्तर म्हणाले. "छापून टपालानं पाठव. मग ते दोघांना विचारतील."

पाकिटावर तिकीट मी चिकटवलं. लोक आता मला म्हणतात, जर्मेन, तू मध्ये पडली नसतीस तर बरं झालं असतं. मी त्यांना सांगते, नणंदेनं खरं लिहिलं त्याला मी तिकीट लावलं, उद्या पुन्हा लावीन. ज्यांना बरं वाटायचं होतं त्यांनी तिच्या टाकीत तेल ओतायला यायचं होतं.

वसंतात दोघांनाही पत्रं आली. एकच मुलगी दोन रिटर्नमध्ये आहे, ज्याचं चुकलं असेल त्यानं दुरुस्त करा, नाहीतर मुलगी तुमच्या घरी राहत असल्याचा पुरावा द्या. पत्रात चढा आवाज नव्हता, शिवी नव्हती. कर्ट ते हातात घेऊन आला तेव्हा मी रोलांदच्या खिडक्यांना थंडीसाठी लावलेलं प्लॅस्टिक काढत होते. मी शिडीवरून उतरले नाही.

"आई, हे काय केलंस तू?"

"खरं लिहिलं."

"खरं! तुला कोणी सांगितलं होतं खरं लिहायला? चार वर्षं मी लिहितोय, जोसी माझ्याकडे राहते. आता हे लोक मागचं सगळं उकरणार. चार वर्षांचे रिफंड परत. मदतीचे पैसे परत. वर दंड. वर दहा वर्षं कुठलंच मूल दाखवून जादा रिफंड मागायचा नाही, आपलं स्वतःचं असलं तरी. शॉना पोटुशी आहे, आई. घराचा हप्ता आहे. कुठून आणू मी?"

शॉना म्हणजे त्याची बायको म्हणा, अजून लग्न लागायचंय इतकंच. रोलांदला नातवंड येतंय ही बातमी अशी कळली.

"मला वाटलं, तुला पैसे यायचे थांबतील, बस," ती म्हणाली. "मागचं काढतील हे मला काय ठाऊक?"

"आणि तुला सोडतील वाटतं? निम्मे तू घेतलेस. दर साली. ठाऊक असून. तुरुंगात टाकतील, आई. मलाही आणि तुलाही. मग पोर कोणाकडे जाईल? परक्यांकडे."

मी वरून ओरडले, "भीती घालू नकोस तिला!" पण शब्द आत जायचा तो गेला होता. रोलांद आयुष्यात कधी कोणाचं उसनं ठेवलेली बाई नाही. तिच्या डोळ्यांपुढे पोलिसांची गाडी दारात उभी राहिली असेल, शेजारी पडद्याआडून बघत असतील.

कर्टनं कागद लिहूनच आणला होता. 'माझी नात जोसी गेली चार वर्षं माझा मुलगा कर्ट याच्या घरी राहते. मी चुकून तिला माझ्या रिटर्नमध्ये दाखवलं.' रोलांदनं सही केली. अक्षर नेहमीसारखंच गोल, सुबक.

"शाळेचा दाखला लागेल," कर्ट म्हणाला. "आमच्या पत्त्यावरचा. म्हणजे तिला आमच्याकडे राहायला लागेल. उन्हाळ्यापर्यंतच. हे निवलं की आणतो परत."

"उन्हाळ्यापर्यंत," रोलांद म्हणाली.

जायच्या आधीच्या आठवड्यात मी गेले तर आजी-नात टेबलाशी समोरासमोर बसलेल्या. मला वाटलं पत्ते खेळतायत.

"मी आता सरकारी बाई," रोलांद म्हणाली. "काय गं मुली, तू कुठं राहतेस?"

"मोनोंक कर्टकडे."

"कधीपासून?"

"चार वर्षं."

"आणि मेमेरकडे?"

"फक्त रविवारी येते. प्लॉय खायला."

"शाब्बास." रोलांदनं आवाज मऊ केला. "बरं बाळा, आता मला खरं सांग. कोणी रागावणार नाही. मेमेरसुद्धा नाही."

जोसी घुटमळली. "इथं राहते," ती हळूच म्हणाली.

रोलांदनं टेबलावर हात आपटला. "बघ, फसलीस! असंच गोड बोलून काढून घेतात. मी स्वतः म्हणाले ना की खरं सांग, तरी सांगायचं नाही. नाहीतर मेमेरला घेऊन जातील. कळलं?"

पोरगी रडायला लागली. रोलांदनं तिला मांडीवर घेतलं, डोळे पुसले, आणि पुन्हा समोर बसवलं.

"रोलांद, हे काय शिकवतेस पोरीला?" मी म्हटलं.

"वाचवतेय."

"कोणाला?"

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. "काय गं मुली," ती पुन्हा म्हणाली, "तू कुठं राहतेस?"

आठवडा संपेपर्यंत जोसी इतकी तयार झाली की कुठूनही विचारा, कसंही विचारा, चुकायची नाही. बरोबर उत्तर दिलं की आजीला एक डोळा मिचकावायची. हुशारच आहे ती. कशात हुशार व्हायचं हे काही तिच्या हातात नव्हतं.

ती गेली. उन्हाळा आला आणि गेला. कर्टचा रिफंड अडकूनच पडला होता. शाळेचा दाखला पाठवला, तरी ते आणखी मागत होते. तालुक्याच्या गावातल्या वकिलानं त्याला सांगितलं, कोर्टाकडून पोरीचं पालकत्वच घेऊन टाक, म्हणजे प्रश्नच मिटला. फ्लोरिडातून टॅमीनं सही करून पाठवली. वाचली असेल असं मला वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर कर्टकडे पोरीला काही कमी नव्हतं. स्वतःची खोली होती, घर गरम होतं, शाळेची बस दारात यायची. रविवारी तो तिला आजीकडे आणायचा. फक्त आता बरोबर शॉना असायची, पोटावर हात ठेवून टेबलाशी बसलेली, आणि जाईपर्यंत हलायची नाही. आजी-नातीला दोन शब्द एकांतात बोलायला मिळायचे नाहीत. शॉनाला कोणी तसं सांगितलं होतं की तिचं तिनंच ठरवलं होतं, देव जाणे.

कोर्टाची नोटीस आली तेव्हा रोलांद ती घेऊन माझ्याकडे आली.

"हे किती दिवसांसाठी असतं गं?"

"अठरा वर्षांची होईपर्यंत," मी म्हटलं.

तिनं नोटिशीची घडी घातली. तिचे गाल बसले होते. मी एकदा तिच्याकडे गेले होते तेव्हा पाहिलं होतं, एकटीसाठी ती अजून दोघींच्या मापाचं पीठ भिजवत होती आणि उरलेलं खारींना घालत होती.

"मी खरं सांगणार," ती म्हणाली. "कोर्टाची बाई पोरीला भेटायला येणार आहे म्हणे. तिच्यासमोर सांगणार. सही खोटी होती म्हणून. नेऊ देत मला."

"आणि कर्टला?"

"कर्ट बाप्या आहे. परत करील हळूहळू. घर गेलं तर माझ्या घरी येईल, जेवायला घालीन. पण ती जर त्याच्याकडे राहिली ना, तर पोर म्हणून नाही राहणार. दर फेब्रुवारीला त्यांना तिची किंमत आठवेल. त्यात माझाही हात होता, जर्मेन. पण मला ती किंमत कधी आठवली नाही गं, देवाशपथ. मला तेलच आठवायचं."

"तुला तुरुंगात कोणी टाकत नाही," मी म्हटलं. "ती पुडी त्या गाढवानं सोडलीय."

"टाकलं तरी चालेल," ती म्हणाली, आणि मला पटलं की ती बोलेल.

ती बाई ऑक्टोबरमध्ये आली. बटाट्याच्या काढणीची शाळेला सुट्टी होती. व्हिटकोम तिचं नाव, राज्याच्या दक्षिणेकडची, इंग्रजी सोडून काही न बोलणारी, पण वागायला भली. दोन्ही घरांना मान्य होईल अशी जागा म्हणून माझं घर ठरलं होतं. मी कॉफी ठेवली. जोसी नव्या जाकिटात आली होती, केस शॉनानं घट्ट बांधलेले. आजीला बघताच ती धावली, पण अर्ध्या वाटेत थांबली आणि शहाण्यासारखी चालत येऊन तिच्या गालाची पापी घेतली. पाहुण्यासारखी.

"मी आधी मुलीशी एकटीशी बोलते," व्हिटकोमबाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा."

माझ्या स्वयंपाकघराला दार नाही, नुसती कमान आहे. कर्ट, शॉना, रोलांद आणि मी सोफ्यावर दाटीवाटीनं बसलो आणि आतला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"कितवीत आहेस?" "आवडता विषय कोणता?" असं काहीबाही झालं. मग बाईंनी विचारलं, "तू कुठं राहतेस, जोसी?"

"मोनोंक कर्टकडे."

"कधीपासून?"

"चार वर्षं. म्हणजे आता साडेचार."

कर्टनं श्वास सोडला. रोलांद गुडघे धरून उठली.

"आणि तुझी आजी?"

"मेमेरकडे मी रविवारी जाते. प्लॉय खायला."

"कोणी तुला असं सांगायला सांगितलंय का? खरं सांगितलंस तरी कोणी रागावणार नाही."

"नाही. मी तिथंच राहते."

तोवर रोलांद कमानीत पोचली होती. "जोसी," ती म्हणाली. "बाळा, सांग खरं. कुठं राहत होतीस सांग यांना. मी सांगतेय ना. मेमेर सांगतेय. खरं सांग."

जोसीनं मान वर केली. मी रोलांदच्या मागून पाहत होते. पोरीच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला, मग तिला काहीतरी लख्ख उमगलं. ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, ते तिनं दाबलं.

"मी मोनोंककडेच राहते," ती मोठ्यानं, स्पष्ट म्हणाली. आणि बाईंची नजर चुकवून आजीला एक डोळा मिचकावला.

"नाही गं, नाही! हा खेळ नाही!" रोलांदचा आवाज फाटला. "बाई, मी शिकवलंय तिला हे! मी! सात वर्षं माझ्याकडे होती ती! विचारा कोणालाही! सही खोटी आहे माझी!"

"मॅडम, कृपा करून बाहेर बसा," व्हिटकोमबाई म्हणाल्या. आवाज मवाळच होता. त्यांनी काहीतरी लिहिलं.

"आईला हल्ली फार एकटं वाटतं," कर्ट जमिनीकडे बघत म्हणाला.

"लाज वाटत नाही तुला?" मी म्हटलं. त्याला वाटत होती. मला दिसत होती ती, कानापर्यंत चढलेली. म्हणून मला त्याचा आणखीच संताप आला. लाज वाटूनही तो बोललाच.

बाई निघाल्या तेव्हा मी त्यांच्या गाडीपर्यंत गेले आणि सगळं सांगितलं. दाखवायची पद्धत, निम्मे पैसे, टेबलावरची ती शाळा. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, "मी तुमचं म्हणणं लिहीन. पण माझ्यापुढे शाळेचा दाखला आहे, आईची संमती आहे, आजीची स्वतःची सही आहे, चार वर्षांची रिटर्न आहेत. आणि मुलगी इतकी ठाम आहे. घाबरलेलं मूल असं बोलत नाही."

"घाबरली नाहीच आहे ती," मी म्हटलं. "तिला वाटतंय ती जिंकली."

त्यांना ते कळलं नाही. त्यांचा दोष नाही. मला राग धरायला कोणीतरी हवं होतं आणि त्या बाईत धरण्यासारखं काही नव्हतं.

मी परत आले तर कर्ट ट्रक सुरू करून बसला होता. आता पालकत्वाचा कागद हातात आला की रिफंड सुटेल असं तो खिडकीतून शॉनाला सांगत होता. मला पाहून त्यानं काच वर केली.

व्हरांड्यात रोलांद पायरीवर बसली होती. जोसी तिच्या कानाशी वाकली होती, पण पोरांची कुजबुज ती कुजबुज, सगळी ऐकू येते.

"मेमेर, मी फसले नाही. तू म्हणालीस ना खरं सांग, तरी नाही फसले."

रोलांदनं सरकून तिला पायरीवर जागा केली.

"आता तुला नाही ना नेणार ते?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. कोणी नाही नेणार."

"मग मी बरोबर सांगितलं ना?"

मी पायरीशीच थांबले. मला वाटलं, आता ही बोलेल. अजूनही पोरीचा हात धरून व्हिटकोमबाईंच्या गाडीमागे धावेल. रोलांदनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. तिचा आवाज मुळीच हलला नाही.

"अगदी बरोबर सांगितलंस," ती म्हणाली. "माझी हुशार पोर."

मग तिनं जोसीच्या जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढून दिली, आणि ट्रककडे बोट केलं.